धुरीघरातली गेनोवेफावहिनी

माझ्या वहिनीला, गेनोवेफाला, गेल्या मार्चपासून कशाचाच वास येत नाही, हे अख्ख्या गावात मला एकटीला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नव्हतं. ती सांगणारी नव्हेच. ताप येऊन गेला, आणि आठवड्याभरानं शेगडीवर दूध करपून काळं झालं तरी ही शेजारी बसून शांतपणे मोजे विणत होती, तेव्हा मी काय ते समजले.

आता एखाद्या बाईला वास आला नाही तर काय मोठंसं बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण आमची वहिनी म्हणजे लिमानोवा गावाकडच्या या डोंगरातली धुरीघरवाली. खाली लाकडांचा मंद विस्तव, वर जाळ्यांवर धुरात सुकणारे आलुबुखार, आणि असं सलग पाच-पाच दिवस. कुठली जाळी कधी पालटायची, विस्तव कधी दाबायचा, हे ती दारात उभी राहून नुसतं हुंगून सांगायची. माझा भाऊ होता तोवर तो लाकडं फोडायचा आणि बोलणी खायचा. तो गेल्यावर नऊ वर्षं तिनं एकटीनं हे चालवलं. मी असते मदतीला, पण चाळीस वर्षं सिगारेटी ओढून माझं नाक कामातून गेलंय. मी तिथली हमाल.

या सप्टेंबरात तिनं बोटांवर काम भागवलं. एकेक फळ दाबून बघायची. मी पाहत होते आणि गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

तिचा मुलगा लेशेक तिकडे समुद्राकाठी ग्दिनियात असतो. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "आई, अडुसष्टाव्या वर्षी आता विस्तवाशी झटापट पुरे. नाताळला येतोय, तेव्हा धुरीघर उतरवून टाकतो."

"आधी येऊन माझ्या आलुबुखारांचं कोंपोट पी," वहिनी म्हणाली. "बिघडलेलं निघालं, तर कुदळ मीच तुझ्या हातात देईन."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बारा पदार्थ होतात खरे, पण वहिनीच्या लेखी बिटाच्या सारापासून कार्प माशापर्यंत अकरा नुसते तोंडी लावायला. खरं जेवण म्हणजे शेवटचं सुक्या फळांचं कोंपोट.

चोवीस तारखेला सकाळीच तिनं भिजवलेले आलुबुखार चढवले. लेशेकबरोबर आलेली सूनबाई किंगा कोपऱ्यात बटाटे सोलत होती. दोघींत वर्षभराचा अबोला होता, म्हणजे हवापाण्यापुरतं बोलायच्या. मागच्या वर्षी नव्या नवरीनं कोंपोट नाकाशी नेऊन सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आई, यात सॉसेज पडलंय का?" ज्या दिवशी घरात मांसाचं नाव काढत नाहीत, त्या दिवशी! धुराची फळं तिनं कधी पाहिली नव्हती, बिचारीची काय चूक? पण वहिनीनं ते मनाला लावून घेतलं.

कोंपोटाचं गणित साधं आहे. आधी आलुबुखार उकळायचे आणि वाफेचा वास घेऊन ठरवायचं, की नाशपतीच्या आणि सफरचंदाच्या सुक्या फोडी किती घालायच्या. कमी पडल्या तर धूर घशाला लागतो, जास्त झाल्या तर नुसतं साखरपाणी. चाखून का बघत नाही म्हणाल, तर पहिला तारा दिसेपर्यंत वहिनीच्या घरात पाण्याखेरीज काही तोंडात जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला चमचा चाटला म्हणून माझ्या भावानं वहिनीच्या पळीचा मार खाल्ला होता.

वहिनी वाफेत तोंड घालून कितीतरी वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, किती घालू?"

हा प्रश्न तिनं मला उभ्या जन्मात विचारला नव्हता. "वहिनी, मला माहीत आहे," मी म्हटलं. "मार्चपासून माहीत आहे. किंगाला विचार."

"त्या सॉसेजवालीला?"

"तिलाच. तोंड फटकळ असेल, पण नाक शाबूत आहे पोरीचं."

स्वयंपाकघर केवढंसं! किंगानं सगळं ऐकलं होतं. वहिनीनं ॲप्रनला हात पुसले. "किंगा, इकडे ये. वास घे आणि खरं सांग. गोड बोलू नकोस."

"गोड बोलता येत असतं तर मागच्या वर्षीच नसते का बोलले?" किंगा पातेल्यावर वाकली. पुन्हा वाकली. "आई, हा राखेचा वास आहे. काहीतरी करपलंय."

वहिनीनं पातेलं शेगडीवरून उतरवलं. "खालची जाळी. तिच्यावरचे करपले आणि मी ते चांगल्यांत मिसळले." मग सुनेकडे न बघता म्हणाली, "मला वास येत नाही गं."

किंगानं हळहळ केली नाही, त्याबद्दल मी तिचं सगळं माफ केलं. तिनं एवढंच विचारलं, "बाकीचं पोतं कुठंय?"

पहिलं पातेलं ओतून दिलं. पोतं टेबलावर रिकामं केलं आणि दोघी समोरासमोर बसल्या. किंगा एकेक फळ हुंगायची, वहिनी तेच दाबायची. उरलेले बटाटे अर्थातच माझ्या गळ्यात.

"हा चांगला," किंगा म्हणाली.

"आण बघू." वहिनीनं तो बोटांत फिरवला. "देठाशी टणक आहे. करपका."

"नाही हो, आई."

"पुन्हा हुंग."

किंगानं पुन्हा हुंगलं. "...हो की!"

त्यानंतर वहिनीच्या बोटांनी सांगावं आणि किंगाच्या नाकानं मान डोलवावी, असं चाललं. दुपारी दोनला नवं पातेलं चढलं. फोडी किती, यावरून दोघी कडाडून भांडल्या. इतक्या महिन्यांनी वहिनीचा चढलेला आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

चारनंतर तारा दिसला. जेवायच्या आधी एकमेकांच्या हातातली पवित्र पापडी मोडून शुभेच्छा द्यायच्या, माफी मागायची, ही रीत. वहिनी लेशेकसमोर उभी राहिली. "मला वास येत नाही, मार्चपासून. तुझ्यापासून लपवलं, माफ कर. आजचं कोंपोट किंगाच्या नाकानं झालंय. नाही आवडलं तर मला बोल, तिला नाही."

लेशेकनं तिच्या हातातली पापडी मोडली. त्यानं आईला जवळ घेतलं.

अकरा पदार्थ कसे संपले कुणास ठाऊक. मग कोंपोट आलं. लेशेकनं घोट घेतला, कप रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण आई, पुढच्या सप्टेंबरात काय करणार?"

वहिनी मान खाली घालून टेबलावरचा पापडीचा चुरा गोळा करू लागली.

"मी येते की," किंगा म्हणाली. "दहा दिवसांची रजा काढते."

वहिनीनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज धुरीघरातला होता. "दहा दिवसांत काय होतंय? तीन आठवड्यांची काढ."