चढावर लागलेला लाल दिवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि तुम्ही मला ओळखत असाल तर एवढं वाचूनच हसाल, कारण न सांगितलेली एखादी गोष्ट माझ्याजवळ शिल्लक असेल यावर शनिवार पेठेत कुणाचा विश्वास बसणार नाही. मी बोलतो. फार बोलतो. मंडईतून कोथिंबिरीची जुडी घेऊन निघालो तर घरी पोहोचेपर्यंत तिचं झाड झालेलं असतं. लोकही ते धरून चालतात, मी म्हैस म्हणालो की ते मनात शेळी समजतात. मग कुणाचं काय बिघडतं? — असं मला वाटायचं.

आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगणं सोपं आहे.

माझ्याकडे एक जुनी, सात जणांची डिझेल गाडी आहे. रणगाडाच म्हणा. सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर मी तिची जी वर्णनं केली आहेत ती खरी असती तर लष्करानं येऊन ती मागून नेली असती. त्यातली माझी सगळ्यात लाडकी थाप — ही गाडी इंजिन ऑइल खात नाही. एका सर्व्हिसिंगला घातलेलं तेल पुढच्या सर्व्हिसिंगला जसंच्या तसं, थेंबभर कमी नाही! आमचा बापू, निवृत्त शिक्षक, कपातून मान वर न काढता म्हणाला, "मग बाटल्यांत भर आणि तीर्थ म्हणून वाट."

खरं काय होतं? गाडी तेल ढोसायची. आमच्या शिंदेमामांनी — ते आमचे मेकॅनिक, तोंडानं माझ्याइतकेच मोठे — गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरायला लावला. पुठ्ठा सकाळी कोरडा. म्हणजे गळती नाही. मग गार इंजिन सुरू केलं, तर मागून निळा धूर भस्सकन आला आणि थोड्या वेळानं विरला. मामांनी इंजिनचं कॉम्प्रेशन तपासलं, ते ठीक निघालं. "पिस्टनच्या रिंगा शाबूत आहेत, नशीब समजा," मामा म्हणाले. "व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत, तिथून तेल आत उतरतं आणि जळतं. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरपण चोंदलाय. गाडी ठेवून जा, सीलं बदलू, ब्रीदर साफ करू, तेल खाणं निम्म्याच्या खाली येईल. आणि तोवर दर आठवड्याला तेल बघायचं. इंजिन गार असताना, सपाट जागेवर. तुमच्या त्या घसरगुंडीवर नाही."

सगळं सांगितलं होतं. कळलंही होतं. मी गाडी का ठेवली नाही? कारण मामांचं गॅरेज कट्ट्याच्या वाटेवर आहे. माझा रणगाडा बॉनेट उघडून तिथे उभा आहे, हे बापूनं पाहिलं असतं तर? एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं — नव्हतं. मी मागच्या सीटखाली ऑइलचा डबा दडवला आणि कुणी नसताना थोडं थोडं ओतत राहिलो.

आणि वर प्रयोग करायचो. आमची गल्ली नदीकडे उतरते. गाडी तोंड खाली करून लावली की तेल पुढे जमतं, आणि माझ्या गाडीत तेल मोजायची पट्टीही पुढच्याच अंगाला आहे. कमी तेलातही पट्टी वरच्या खुणेपर्यंत माखून बाहेर यायची. मी ती चार लोकांत तलवारीसारखी उपसायचो. "बघा! तुडुंब!"

आता सुनंदाचं. सुनंदा माझी बायको.

तिनं पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. मी कट्ट्यावर त्यावरही पुष्कळ मजा केली — ती निघाली की पेठेतली कुत्रीसुद्धा गच्चीवर जातात, वगैरे. पण ती छान शिकली. माझ्यापेक्षा छान, हेही मी कधी बोललेलो नाही. साताऱ्याला तिची आई होती, ऐंशीच्या पुढची. फोनवर तिचा एकच धोशा — तू स्वतः गाडी चालवत दारात आलेली मला बघायची आहे. तेव्हा एका रविवारी सुनंदा एकटी साताऱ्याला निघाली. डिंकाचे लाडू, आईसाठी गुडघ्याचं तेल, नवी साडी स्वतःला. आईला दिसावी म्हणून.

गाडीत बसण्याआधी तिनं विचारलं, "अहो, तेल बघितलंत का? क्लासमध्ये सांगितलंय, लांब जाताना बघायचं."

डब्यातलं ऑइल संपलं होतं आणि नवं आणायचा मी आळस केला होता. कितीतरी दिवस ओतलं नव्हतं. पण गल्लीत बापू उभा, वरचे जोशी उभे, बाई एकटी निघाली म्हणून बघायला सगळे जमलेले — आणि गाडी उतारावर, तोंड खाली. मी बॉनेट उघडलं, पट्टी उपसली आणि तिच्या नाकापुढे धरली. "बघ! तुडुंब!"

तिनं वाकून पट्टी पाहिली. मान हलवली. आणि गेली.

इथवर तरी एक थाप होती, नाही का? नेहमीसारखी. पुढचं मात्र थाप नाही, पुढच्याला दुसरं नाव आहे.

मी कट्ट्यावर होतो. तिचा फोन आला. खंबाटकीचा चढ लागल्याबरोबर तेलाच्या खुणेचा लाल दिवा लागला होता. तिनं तत्काळ गाडी कडेला घेतली होती, इंजिन बंद केलं होतं. जसं करायला हवं अगदी तसं. आवाज घाबरलेला होता, पण डोकं ठिकाणावर होतं. म्हणाली, "शिंदेमामांना फोन करू का?"

मी उठून बाजूला गेलो, भिंतीकडे तोंड केलं. तेल हा शब्द बापूच्या कानावर जायला नको होता. मामांना फोन म्हणजे गाडी ओढून आणणार, म्हणजे मामा सगळं बोलणार, तेही माझ्यासारख्या आवाजात. मी दबक्या आवाजात म्हणालो, "मामांना कशाला? मी काय मेलोय? चढावर तेल मागे सरकतं, म्हणून दिवा लागतो. काही होत नाही. चालव बिनधास्त."

ती म्हणाली, "नक्की ना?"

"नक्की."

मला ठाऊक होतं. तेल नाही हे मला ठाऊक होतं. मी परत येऊन बसलो आणि चहा मागवला.

घाटातच इंजिन जॅम झालं. मागून ट्रक येत होते. तिला काही लागलं नाही — ही माझी पुण्याई नव्हे, त्या ट्रकवाल्यांचे ब्रेक चांगले होते. एका टेम्पोवाल्यानं तिला साताऱ्यात सोडलं. आई दारात खुर्ची टाकून बसली होती म्हणे.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांनी विचारलं, काय झालं? आणि मी तोंड उघडलं. तोंड उघडलं की माझ्याकडून गोष्ट आपोआप तयार होते. "काय होणार? डोळ्यांसमोर लाल दिवा पेटलाय आणि बाईसाहेब गाडी दामटतायत! अख्ख्या घाटात धूर! पलीकडच्या गावात लोकांना वाटलं वणवा लागला!" सगळे हसले. बापूसुद्धा.

सुनंदा परतल्यावर तिच्या कानावर ते गेलंच. लोकांसमोर नाही, घरी तिनं विचारलं, "तुम्हीच चालव म्हणालात ना?"

आणि मी — तिच्या डोळ्यांत बघून, अगदी मायेनं — म्हणालो, "मी थांब म्हणालो होतो गं. तू घाबरली होतीस. अशा वेळी नीट आठवत नाही."

ती बराच वेळ आठवत राहिली. तिचं ते आठवणं मी बघत बसलो. शेवटी म्हणाली, "असेल हो. घाबरले होते खरी." मग म्हणाली, "सॉरी. तुमची गाडी."

इंजिन पुन्हा बांधलं, सीलं बदलली, ब्रीदर साफ झाला. गाडी आता खरंच फारसं तेल खात नाही. सुनंदानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. चार वेळा म्हटलं, शेजारी बसतो, चालव. "नको. माझा माझ्यावर भरवसा नाही," ती म्हणाली. नुसतं गाडीपुरतं नाही ते. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, कोण काय म्हणालं — हल्ली प्रत्येक गोष्ट मला विचारून घेते. आधी नव्हती अशी. ऑफिसात दोन खात्यांचं काम एकटीनं रेटणारी बाई होती ती. आईकडे एसटीनं जात राहिली, आई होती तोवर.

मागच्या महिन्यात तिची भाची आली होती. नुकतं लायसन्स मिळालेलं, उत्साहानं म्हणाली, "मावशी, घाटात चालवायच्या टिप्स दे ना!" सुनंदा पोहे वाढत होती. हसून म्हणाली, "मला नको विचारूस बाई. दिवा लागलेला असताना चालवत राहिले मी, काकांचं अख्खं इंजिन जाळलंय. हे थांब म्हणत होते तरी!"

म्हणजे आता ती स्वतःच सांगते. माझ्या शब्दांत.

भाची माझ्याकडे बघायला लागली. पुढे काय झालं ते ऐकायला. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याजवळ होता. मी गिळला आणि म्हणालो, "आणि धूर! अगं, पलीकडच्या गावात लोकांना वाटलं वणवा लागला!"

दोघी हसल्या. सुनंदा जास्त.

ती थांबली होती. दिवा लागल्याबरोबर गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून, ती थांबली होती. चालव मी म्हणालो.