झुंबरबाईच्या घरातली हॅलोबाई

हॅलोबाईला न्हाणीत मोहरांचा हंडा सापडला, ही बातमी शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी जन्मली आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिनं चांगलं बाळसं धरलं. भाकऱ्या थापून होईपर्यंत हंड्यावर नाग बसला. चहाच्या वेळेला नागाला मिशा फुटल्या. दिवेलागणीला तर समोरच्या शालूबाईनं, जिच्या खिडकीला आजवर कधी पडदा लागला नाही, त्याचा फुत्कार स्वतःच्या कानानं ऐकला होता.

तेव्हा आधी ते निस्तरू. हंडा नव्हता. मोहरा नव्हत्या. नाग असता तर शालूबाईच्या आवाजानंच पंचगंगेपलीकडं गेला असता. होती ती गाडगी, मुठीएवढी मातीची, तोंडावर खापरी झाकलेली. त्यांतलं एक फुटलं आणि त्यातून हिरवा पडलेला एक ढब्बू पैसा घरंगळला. माती वाहणारी तानाबाई "आगं बया, पैसा घावला!" म्हणून ओरडली. त्या एका पैशाचा हंडा करायला गल्लीला फारसे कष्ट पडले नाहीत.

हॅलोबाई म्हणजे कालिंदी सबनीस. मलकापूरच्या सबनीस मास्तरांची लेक, वय चाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात. कानाला तो काळा पट्टा लावून ती साऱ्या कोल्हापूरचे ट्रंक कॉल जोडून द्यायची. आता एवढं बोलणं जिच्या कानावरून जातं, तिनं शेजारधर्म म्हणून थोडं तरी सांडावं की नाही? कुणाची सोयरीक फिसकटली, कुठल्या व्यापाऱ्याचा गूळ मुंबईत अडकला, सगळं तिला ठाऊक. आणि ड्यूटी संपवून गल्लीत शिरली की सांगायची काय, तर मेथी महागली. गल्लीनं तिला हॅलोबाई हे नाव दिलं ते थोडं प्रेमानं आणि बरंचसं या रागानं.

तिचा स्वतःचा राग मात्र दुसऱ्याच नावावर होता. ज्या घरात ती इतकी वर्षं भाड्यानं राहिली आणि चौऱ्याहत्तर साली जे तिनं घरमालक गणपतरावांकडून विकत घेतलं, त्या घराला गल्ली झुंबरबाईचं घर म्हणायची. झुंबरबाई कालिंदीनं पाहिलीसुद्धा नव्हती. दारात म्हशी बांधून गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोर धार काढून देणारी ती बाई, कालिंदी कोल्हापुरात येण्याआधीच वारली होती. तिच्या पोरांनी घर गणपतरावांना विकलं. गणपतराव त्या घरात एक रात्र झोपले नाहीत, नुसतं भाडं घ्यायला यायचे. पण पोस्टमन ओरडायचा, "झुंबरबाईच्या घरात टपाल!" गवळी ओरडायचा, "झुंबरबाईच्यात अर्धा लिटर!" खरेदीखत झाल्यावर तिनं पेंटरकडून पाटी करून घेतली, कु. कालिंदी य. सबनीस. पुढच्याच आठवड्यात तिचा भाऊ मलकापुराहून आला आणि गल्लीच्या तोंडाशी कालिंदी सबनीस म्हणून विचारत उभा राहिला. कुणाला कळेना. शेवटी एकाच्या डोक्यात उजेड पडला, "झुंबरबाईच्या घरातली हॅलोबाई व्हय? मग आसं सांगा की पावणं!"

भाऊ हसला. कालिंदीनंही त्याला चहा देताना हसून दाखवलं. पण त्याच रात्री तिनं ठरवलं, घर असं करून टाकायचं की झुंबरबाई स्वतः परत आली तरी उंबऱ्यावरूनच, चुकलं वाटतं, म्हणून मागं फिरली पाहिजे.

दिवाळी झाली आणि जोतीराम गवंडी कामाला लागला. सोप्यातली सारवलेली जमीन गेली, शहाबादी फरशी आली. जमिनीत पुरलेलं उखळ उपटलं. दारातला म्हशी बांधायचा दगडी खुंट तर दोन गडी लावून काढला, आणि तो निघाला तेव्हा कालिंदीनं त्यांना जिलेबी चारली. एकेक वस्तू निघाली की तिला हलकं वाटायचं. आता न्हाणी राहिली होती. तिथं सिमेंट, नळ, पांढरी फरशी, सगळं मनात मांडून झालं होतं. आणि नेमकी तिथंच, कोपऱ्यात पहार मारल्यावर, ती गाडगी लागली.

जोतीरामानं फुटक्या गाडग्यात वाकून पाहिलं. हळकुंड, सुपारी आणि काळं, वाळून चिपाड झालेलं काहीतरी. त्यानं पहार भिंतीला टेकवली.

"ताई, हितं सिमेंट घालायला आता माझ्यानं व्हायचं न्हाय."

"का? काय झालं?"

"ह्या नाळा हायत्या. बाळंतपणात पुरलेल्या. पोर जिथं न्हायचं तिथंच नाळ पुरायची पद्धत. कुणाकुणाच्या हायत्या ते मला काय ठावं? ज्येच्या हायत्या त्येला इचारा. त्यो घाल म्हणाला की घालतो."

"आणि तो मेला असला तर?"

"तर त्येच्या पोराला इचारा."

"जोतीराम, हे घर माझं आहे."

"घर तुमचंच की! मी कुठं न्हाय म्हणालो? गाडगी तुमची न्हवं."

तोवर शालूबाई पदर खोचून आत आलेली होती. हंडा नाही म्हटल्यावर तिचा विरस झाला, पण ती काही रिकाम्या हातानं परतणारी बाई नव्हे.

"त्यात काय एवढं? फडक्यात बांध आन घाटावर जाऊन सोड नदीत," ती म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिनं घराकडं सावकाश नजर फिरवली. "पर खरं सांगू का कालिंदी? मी आपला स्पष्ट बोलतो. घर इकत मिळतंय. हितं पुरायला नाळ कुठनं आणशील गं तू?"

तानाबाई हसली आणि लगेच घमेलं उचलून बाहेर गेली. शालूबाईच्या बोलण्यात विष नसतं, नेम असतो. कालिंदीनं गाडगी सुपात काढून ठेवली, वर धुतलेलं फडकं टाकलं आणि ड्यूटीवर गेली.

त्या रात्री लोकांचे नंबर जोडताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. आपली नाळ कुठं असेल? मलकापुरात, मास्तरांच्या भाड्याच्या खोलीमागं. ती खोली तर रत्नागिरीचा रस्ता रुंद झाला तेव्हाच गेली. म्हणजे आपल्यावरून आता आंब्यांचे ट्रक जातात. तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. झुंबरबाईच्या खुंटासाठी, उखळासाठी कुणाला विचारायला लागलं नव्हतं. वस्तू होत्या, उपटल्या. यांना वस्तू म्हणवेना. आणि ही गाडगी घरात असेपर्यंत ते घर आपलं म्हणायला तिची जीभ रेटेना. नदीत सोडणं सोपं होतं. पण मग शालूबाईचं म्हणणं खरं ठरलं असतं, की आपलं तिथं काही नाही म्हणून दुसऱ्यांचं फेकलं.

रविवारी ती बस धरून उचगावला गेली. झुंबरबाईचा थोरला मुलगा तिथं म्हशी राखून आहे एवढं गणपतरावांनी सांगितलं होतं. पत्ता विचारत गेली तर गोठ्याच्या तोंडाशी साठीचा, मुंडासं बांधलेला माणूस वैरण तोडत बसला होता.

"बाळासो आहेत का?"

"मीच की. कुठलं पावणं?"

"मी कोल्हापूरची. शुक्रवार पेठेत असते. सबनीस."

"सबनीस?" बाळासोच्या कपाळावर आठी पडली. "वळख लागंना, बाई."

इतकी वर्षं जे शब्द कालिंदीनं स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारले नव्हते ते तिला तिथं, शेणाच्या वासात उभं राहून उच्चारावे लागले.

"झुंबरबाईच्या घरातून आलेय."

"आता गं!" तो विळा टाकून उठलाच. "आईच्या घरातनं आलाय व्हय? मग उभ्या का? बसा, बसा! आगं, चा टाका!"

दुसऱ्या दिवशी बाळासो दुधाची किटली घेऊन हजर झाला. आत येताना सोप्यातल्या नव्या फरशीवर पाय टाकायला तो बिचकला, वहाणा हातात घेऊन कडेकडेनं चालला. दारातला खुंट गेलेला त्यानं पाहिला, उखळाची जागा बुजलेली पाहिली आणि पुढं सरकला. न्हाणीतल्या खड्ड्याशी मात्र तो उकिडवा बसला आणि सुपातली गाडगी एकेक करून हातात घेऊन बघू लागला. जोतीराम, तानाबाई आणि अर्थातच शालूबाई दारात गर्दी करून उभे.

"ह्यातलं तुमचं कुठलं?" कालिंदीनं विचारलं.

"त्ये कसं वळखायचं? मी काय बघितलं हुतं व्हय तवा?" तो हसला. "हे गुबगुबीत दिसतंय, हे चिमणीचं आसंल. आमची भन, चिमणाबाई. आन ह्यातलंच एक कृष्णातचं."

"ते कुठं असतात?"

"मिल्ट्रीत गेलता. धाकटा माझ्यापरास. ब्रह्मदेशात गेला, आन तिकडंच राह्यला. सरकारचा कागद आला, बाकी काय आलं न्हाय." गाडगं त्यानं अलगद सुपात ठेवलं. "म्हंजी त्येचं म्हणून जगात जे काय उरलंय ते हे, बगा."

शालूबाईनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. हे आमच्या गल्लीत क्वचित घडतं.

कालिंदीनं सुपातली गाडगी मोजली आणि म्हणाली, "पण तुम्ही तिघं. गाडगी जास्त आहेत."

"ती जादाची तांबटाची. आकाराम तांबट, आमच्या आधी हितं हुता. तुम्हाला ठावं न्हाय? ह्या घराला नावच हुतं, आकाराम तांबटाचं घर."

"झुंबरबाईचं घर," कालिंदीनं चूक दुरुस्त केल्यासारखं सांगितलं.

"त्ये आता! आई गेल्यावर!" बाळासो मांडीवर थाप मारून म्हणाला. "आई हुती तवर एक माणूस झुंबरबाईचं घर म्हणंल तर शपथ. गिऱ्हाईक यायचं ते इचारत, 'आकाराम तांबटाच्या घरात दूध मिळतंय ते कुठं?' आईचं डोस्कं आसं फिरायचं! म्हणायची, म्हशी माझ्या, शेण मी काढतो, आन नाव त्या मेल्याचं! त्यो खरंच मेलेला हुता, तरी बी शिव्या खायचा."

कालिंदी त्याच्याकडं बघतच राहिली. या घरात राहून, या घराच्या नावापायी जळणारी पहिली बाई ती नव्हतीच तर. जिच्यावर इतकी वर्षं दात धरला, ती तिच्यासारखीच दारात उभी राहून दुसऱ्याचं नाव ऐकत आली होती.

"मग तांबटाची गाडगी तिनं टाकली कशी नाहीत?"

"तर! माझ्या टायमाला खड्डा काढला आन ती लागली, तवा सुईणीला म्हणाली म्हणं, ह्येंनी हितं बी जागा आडवलीया. चिमणीच्या टायमाला तर मी ऐकलोय. शिव्या घालत बाजूला उकरायची, आन त्येंच्या शेजारी आपलं ठेवून माती लोटायची. दुसऱ्याचं लेकरू हाय म्हणायची, कुठं टाकू?" तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "आता तुम्ही सांगा, बाई. घर तुमचं. म्हणाल तर आमची मी नेतो उचगावला, गोठ्यामागं पुरतो. तांबटाचं आता कोण हाय कोण न्हाय, कुणास ठाऊक."

सगळे कालिंदीकडं बघू लागले. तिनं सुपाकडं पाहिलं, मग मनातल्या पांढऱ्या फरशीकडं. ती फरशी फक्त तिलाच दिसत होती.

"न्यायची कशाला? त्यांना इथली सवय आहे," ती म्हणाली. "जोतीराम, नवी न्हाणी मागं परड्यात होईल का?"

"व्हईल की. पर तिथं शेवगा हाय. आन नळ लांब पडंल."

"शेवगा राहू दे, न्हाणी लहान करा. नळ पडू दे लांब."

फुटक्या गाडग्याच्या जागी तिनं आपल्या चटणीचं एक मडकं घासूनपुसून दिलं. तो ढब्बू पैसासुद्धा त्यात परत गेला, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तो हॅलोबाईनं बँकेत ठेवला असं अजून दोन घरं मानतात. गाडगी होती तिथंच ठेवून बाळासोनं माती लोटली, हात जोडले आणि किटलीतलं दूध ओतून देऊन तो गेला. जोतीरामानं वर फरशी बसवली, पण सिमेंट नाही, नुसत्या वाळूत. पुन्हा कुणाला उचलावीशी वाटली तर पहार लागू नये, असं कालिंदीनंच सांगितलं होतं. कुणाला उचलावीशी वाटेल, हे तिनं सांगितलं नाही आणि जोतीरामानं विचारलं नाही.

माघात वास्तुशांत झाली. गल्ली झाडून जेवायला. पाटी दारावर होतीच, चुना पुसून पुन्हा चकचकीत केलेली. ऐन पंगतीत बाहेरून पोस्टमनची हाळी आली, "झुंबरबाईच्या घरात टपाल!" आणि वाढता वाढता हातातली पळी खाली ठेवून कालिंदी न कुरकुरता "आले, आले" म्हणत गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. शालूबाईच्या घशाखाली मग श्रीखंड उतरेना.

"काय गं कालिंदी," ती पंगतीतूनच ओरडली, "फरशी घाटलीस, चुना काढलास, एवढी माणसं जेवाय घाटलीस. मग आता घर कुणाचं म्हणायचं आम्ही? झुंबरबाईचं का तुझं?"

पळी परत उचलून कालिंदीनं आधी शालूबाईच्या पानात वाढलं. मग म्हणाली,

"झुंबरबाईचंच म्हणा. माझं म्हणायला आधी मला मरावं लागेल, शालूबाई, आणि मला एवढ्यात सवड नाही."