बिनकार्बनची मोटार

मंठ्यात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पाटीवर सासऱ्यांचं नाव, गिरधारीलाल, आणि गल्ल्यावर मी, मंजू. रस्त्याच्या पलीकडं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तिथं पाटीवर पुंजारामभाऊंचं नाव आणि कामावर त्यांची बायको चतुराबाई. त्यामुळे आमचं दोघींचं बरं जमतं. भांडतोही आम्ही भरपूर. तांब्याची तार मी महाग देते असं तिचं म्हणणं, आणि ती तारेची जाडी, म्हणजे गेज, नुसत्या डोळ्यांनी मोजते असं माझं म्हणणं.

चतुराबाई पिंपळगाव रेणुकाईची. एक्याऐंशी साली लग्न होऊन मंठ्याला आली तेव्हा विहिरीविहिरीवर लाईट येत होती आणि त्याच वेगानं मोटारी जळत होत्या. पुंजारामभाऊ जळकी तार कापून काढायचे आणि लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायचे. ती शेजारी बसून मोठ्यानं टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजायची. एक टर्न कमीजास्त झाला की मोटार तापणार, आणि मग शेतकरी चार माणसं लावून ती बोअरातून परत उपसणार, वर शिव्या देणार. म्हणून मोजणी चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही असा तिथला कायदा होता. सरपंच आला तरी तोंड बंद ठेवून उभा राहायचा.

मोजता मोजता बाई स्वतः मोटार भरायला, म्हणजे नवी तार चढवायला, शिकली. सुरुवातीला लोक म्हणायचे, "बाईनं भरलेली मोटार बोअरात सोडायची व्हय?" मग एका उन्हाळ्यात भाऊंनी तिच्या हातच्या मोटारी स्वतःच्या म्हणून देऊन टाकल्या आणि पावसाळा आल्यावर खरं सांगितलं. त्यातली एकही परत आली नव्हती. हे सांगताना भाऊ इतके हसायचे की हातातला चहा सांडायचा. असा नवरा मला मिळाला असता तर मी तार फुकट दिली असती, असं मी चतुराबाईला एकदा म्हणालेही.

त्याच पुंजारामभाऊंना लकवा मारला. २००७ ची दिवाळी नुकतीच झाली होती. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. तोंडात एकच शब्द राहिला, "न्हाई". चहा घ्यायचा? न्हाई. घोटभर तरी? न्हाई, आणि हात मात्र कपाकडं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हातपाय चालवत राहा, नाहीतर आहे तेही जाईल. दाबायला रबरी चेंडू दिला. भाऊंनी तो गटारात फेकला. चालायचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड फिरवायचे. दुकानात मागं खाट टाकली होती. त्या खाटेवरून उठायचं ते फक्त मोरीपर्यंत, तेही चतुराबाईच्या खांद्यावर हात टाकून. दीड वर्ष होत आलं तरी तसंच. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. बाई दिवसभर मोटारी भरते, रात्री ह्यांचे पाय चोळते, आणि हा माणूस भिंत बघत बसतो! माणसाची इच्छाच मेली की त्याला कुठली तार जोडायची?

त्या उन्हाळ्यात माझ्या दिराचा मुलगा पुण्याहून आला आणि जाताना बंद पडलेली रिमोटची गाडी माळ्यावर टाकून गेला. मोठी, हातभर लांबीची, जाड टायरची. बघून काही होतंय का म्हणून मी ती चतुराबाईकडं दिली. मोटार तर जळली होती, पण रिमोटचं चाक फिरवलं की गाडीची पुढची चाकं डावीउजवी वळायची. चतुराबाई ते करून बघत होती. भाऊंनी मान वळवली. मग हात पुढं केला. डाव्या हातात रिमोट धरला आणि उजव्या हाताची बोटं, ती वाळल्या शेंगांसारखी बोटं, उचलून रिमोटच्या चाकावर ठेवली. चाक थोडं फिरलं. गाडीची चाकं वळली.

चतुराबाई धावतच रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. "भाभी, ही गाडी चालायलाच पायजे. कायबी करा."

"जुनीच मोटार भरून टाका ना," मी म्हणाले.

"न्हाई. ती कार्बनवाली हाय. कार्बन झिजला की बंद. हे आत्ता कुठं हात हालवून राह्यलेत. मधीच बंद पडली तर पुन्हा भिंतीकडं तोंड करतेल."

मिक्सर वापरणाऱ्या कुणालाही कार्बनचं दुखणं माहीत असतं. आमच्या दुकानात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यावर शोधून मी पुण्यातल्या एका खेळण्याच्या दुकानाला फोन लावला. दुकानदार म्हणाला, ब्रशलेस घ्या. तिला कार्बनच नसतो, तीन वायरी असतात, झिजायचं काम नाही.

"तीन वायरी?" चतुराबाई माझ्या खांद्यावरून ओरडली. "म्हंजे आपल्या बोअरच्या मोटारीची नातच की!"

गाडीसाठी बनवलेली मोटार आमच्या आवाक्याबाहेरची निघाली. मग तो म्हणाला, खेळण्यातल्या विमानाची चायना मोटार येते, स्वस्त असते. पट्टी ठोकून बसवली तर गाडीतही चालेल. सोबत तिचा कंट्रोलर तेवढा घ्यावा लागेल. सारख्याच किमतीत तीन प्रकार होते. फरक एवढाच, की एका व्होल्टला कुठली किती जोरात फिरते. आकडा मोठा तेवढी मोटार पळणारी. "हळू चालवायची असेल तर लहान आकडा घ्या, ताई," असंही त्यानं सांगितलं.

चतुराबाईनं एका झटक्यात निकाल दिला, "सगळ्यात मोठी."

आणि मी हो म्हणाले! कारण आमच्या भागात मोटार अशीच घेतात. पाच हॉर्सपॉवरची लागत असेल तर साडेसातची न्यायची. लाईटीला दम नसतो, रात्री व्होल्टेज पडतं, लहान मोटार नुसती घूं घूं करत बसते. एक नंबर वरची घेतली की निदान पाणी चढतं. वीस-पंचवीस वर्षं हेच बघितलेली बाई, आणि हेच विकत आलेली मी. पुण्याच्या माणसाचं कोण ऐकतो?

पार्सल आलं. लिंबाएवढी मोटार. चतुराबाईनं अॅल्युमिनियमची पट्टी कापून ती गाडीत बसवली. दुकानापुढं पाणी मारून झाडून घेतलं. भाऊंची खाट दारात ओढली. मी दुकान तसंच सोडून बघायला गेले. भाऊंनी रिमोट धरला, डाव्या बोटानं खटका ओढला.

गाडी उधळली. वळवायला उजव्या हाताला सवडच मिळाली नाही. बिचकलेल्या गोऱ्ह्यासारखी ती सरळ पुढच्या ओट्यावर आदळली आणि पुढचं चाक निखळून गटारात गेलं. रस्त्यावरचे दोघंतिघं हसले. भाऊंनी रिमोट फेकून दिला आणि "न्हाई, न्हाई, न्हाई" म्हणत भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी पुण्याला फोन करून मोटार बदलून मागितली. वायरी जोडलेला माल परत घेत नाही म्हणाला. मी त्याला बरंच काही बोलले, त्यातलं निम्मं मारवाडीत, म्हणून त्याला कळलं नसावं.

दोनचार दिवसांनी चतुराबाई डोक्यावरचा भारा उतरल्यासारखी हलकी होऊन आली. तारेचं सगळ्यात बारीक रीळ मागितलं.

"भाभी, मोटारीची चूक न्हाई. म्या मंठ्याची लाईट बघून मोटार घेतली, अन् गाडी तर बॅटरीवर चालती. बॅटरीला कुठं व्होल्टेज पडतंय? बिलकुल बराबर मिळतंय तिला, म्हणून पळून राह्यली. टर्न वाढवते. बारीक तार, जास्ती टर्न. मंग चालंल सावकाश."

"एवढीशी मोटार भरता येईल?"

"जळली तर जळली. भरल्याबिगर कसं कळंल?"

दुपारची वेळ होती. तिनं मोटार उघडली. बाहेरची वाटी फिरणारी, तिच्या आत तारेचे बारके दात. बोअरच्या मोटारीच्या अगदी उलट. जुनी तार मोजत उकलली आणि मग एकेका दातावर नवी तार चढवायला लागली, हलकेच पुटपुटत मोजत. मी रीळ धरून बसले होते, कायद्याप्रमाणे गप्प. भाऊ भिंतीकडं तोंड करून पडलेले.

तेवढ्यात रामकिसन आला. आमच्या तालुक्यातला शेतकरी, गळा असा की बिनमाईकचा भोंगा. "चतुराबाई! मोटार जळून बसली की माझी! टेंपोत घालून आणलीय, मोसंबी वाळून राह्यली, जल्दी करा!"

चतुराबाईचा हात थांबला. तिनं तारेकडं बघितलं. तार इतकी बारीक की चढलेले टर्न डोळ्यांनी मोजता येईनात. "गेलं," ती म्हणाली. सगळं उकलून पहिल्यापासून करावं लागणार होतं. मी रामकिसनकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते.

मागून आवाज आला, "अकरा."

रामकिसन इकडंतिकडं बघायला लागला. "कोण बोल्लं?"

चतुराबाईनं वळून पाहिलं नाही. तिची पाठ मात्र एकदम ताठ झाली. तिनं हलक्या हातानं एक टर्न चढवला आणि म्हणाली, "बारा."

"तेरा," मागून आलं. जड, ओढून आणलेला, पण बरोबर शब्द.

ती थांबली नाही. मोजणीत थांबायचं नसतं. तिनं तार फिरवायची, त्यांनी आकडा बोलायचा. भिंतीकडं तोंड करून हा माणूस मनातल्या मनात तिचा एकेक टर्न मोजत होता! काय माहीत, आजचाच की दीड वर्ष प्रत्येक मोटारीचा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि हातात रीळ असल्यानं पुसताही येईना. रामकिसन बिचारा टोपी काढून उभा राहिला. मोसंबीचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं.

ती मोटार आणि गटारातून काढलेलं चाक बसवल्यावर गाडी निघताना जरा अडखळायची, मग सावकाश, दमदार चालायची. भाऊंच्या बोटांना वळवायला वेळ मिळायचा. आधी अंगणात, मग ओट्याखाली, मग रस्त्याच्या कडेनं. हळूहळू आकड्यांबरोबर दुसरे शब्दही आले. चतुरा. पाणी. तार. पहिला लांबलचक शब्द आला तो "व्होल्टेज". चतुराबाई म्हणाली, बायकोचं नाव आधी आलं, तेवढं पुरे.

आणि एक दिवस सकाळी, बाजाराची गर्दी व्हायच्या आधी, गाडी रस्ता ओलांडून आमच्या दुकानापर्यंत आली आणि पायरीशी एका हातगाड्याच्या चाकात अडकली. चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. भाऊंनी पलीकडून, दुकानापुढच्या खाटेवरून, हाक मारली, "चतुरा!"

चतुराबाई दारात उभी होती, पण हलली नाही. मी गल्ल्यावरून उठले आणि गाडी सोडवायला वाकले.

"भाभी, हात लावू नका तिला," पलीकडून तिचा आवाज आला. ओरडली नाही ती, पण मी तशीच थांबले.

भाऊंनी तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. पुन्हा हाक मारली, या वेळी रागानं. ती उंबऱ्यावर खाली बसली आणि हात पदरात गुंडाळून घेतले. तेव्हा त्यांनी खाटेची दांडी धरली. उभे राहिले. भिंतीला टेकवलेली काठी ओढली. उजवा पाय मागून फरफटत, उजवा हात जेमतेम उचलून येणाऱ्या जीपला थांबवत, बायकोला उद्देशून न कळणारं काहीतरी बडबडत, भाऊ रस्त्यात उतरले. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, त्याचं भलं होवो. पडले तर? पण ते पडले नाहीत.

आमच्या पायरीवर येऊन ते धपकन बसले. वाकून गाडी सोडवली, उजव्या हातानं. मांडीवर घेऊन तिच्या टायरची माती झटकली. घामानं चिंब झाले होते. मग वर बघून मला म्हणाले, "चहा सांगा, भाभी."

मी पोऱ्याला दोन चहा सांगितले. पलीकडं बघितलं तर चतुराबाई उंबऱ्यावर बसून, तोंडात पदर कोंबून, अंग गदगदून रडत होती. मी पोऱ्याला परत हाक मारली आणि तीन सांगितले.