तडकलेली पुंगळी

माझ्या सासऱ्यांकडे पीक राखायच्या परवान्याची बंदूक होती. टेंभुर्णीच्या बाजारात ते एक वेळ मीठ घ्यायला विसरतील, पण बंदुकीचा विषय काढायला विसरायचे नाहीत. काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते कधी टाकत नसत. बार उडाला की पुंगळी फुगायची. मग जुन्या जालन्यातून करून आणलेल्या लोखंडी कड्यात ठोकून ते तिला मापात आणायचे, नखाने तपासायचे आणि माझ्यापुढे टाकायचे. चिंचेने घासून लख्ख करणं माझ्याकडे. देवाची भांडी आणि मामाजींच्या पुंगळ्या, दोन्ही माझ्याच नशिबी! त्यात दारू-छर्रे भरायचे मात्र ते स्वतः, आणि रात्री बंदूक घेऊन राखणीला जायचा माझा नवरा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारी अशी भरली होती आणि रानडुकरं सोकावली होती. घासताना एका पुंगळीच्या बुडाशी केसासारखी चीर दिसली. तडकलेल्या पुंगळीचा जाळ उलटा तोंडावर येतो, हे त्यांनीच घरात बजावलेलं.

"मामाजी, ही तडकली."

त्यांनी नख फिरवलं. "न्हाई. म्या बराबर बघितली. तुला काय कळतं त्यातलं?"

नांगर धरून जाड झालेल्या बोटांना चीर लागतच नव्हती, आणि डोळ्यांना कमी दिसतं हे तर ते कबूलच करत नसत. मी चिडले. नवरा माझा होता. मडकं वाजवून घेतात तशी एक चांगली पुंगळी मी पायरीवर टाकली. टणकन वाजली. मग ती तडकलेली टाकली. बद्द.

"फिरून टाक," ते म्हणाले.

मी टाकली. मग त्यांनी सगळ्याच पुंगळ्या ओढून घेतल्या आणि कान देऊन एकेक टाकत गेले. आणखी एक बद्द वाजली.

"ह्या म्याच पास केल्त्या," ते हळूच म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

संध्याकाळी नवऱ्याने खुंटीवरची बंदूक काढली, तर मामाजी म्हणाले, "राहू दे. आज डबा वाजव."

डब्याला डुकरं कुठली भितात! बांधाकडची सगळी ज्वारी आडवी झाली. सकाळी नवरा शिव्या खायच्या तयारीने अंगणात येऊन उभा राहिला. एका कणसासाठी गाव डोक्यावर घेणाऱ्या मामाजींनी रानाचं विचारलंच नाही. ते उठले, त्याच जाड बोटांनी त्याचं तोंड चाचपलं, दोन्ही डोळ्यांवरून हात फिरवला.

"जा, भाकर खा," म्हणाले.