शिट्टीकाकांचा डॉल्फिन

शिट्टीकाकांनी समुद्रालासुद्धा शिफ्ट लावली होती. चाकणच्या आमच्या कंपनीत ते असेंब्ली लाइनचे सुपरवायझर. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की मशिनच्या घरघरीतही माणूस दचकावा. तीच शिट्टी वर्षातून एकदा दापोलीजवळच्या किनाऱ्यावर भल्या सकाळी वाजायची आणि आम्ही सगळे जांभया देत वाळूत रांगेने उभे राहायचो, डॉल्फिन बघायला. तेही गुरुवारी, आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या आठवडी सुट्टीच्या दिवशी. लोक सुट्टीला झोपतात हो!

लाइनवर प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली असते, तिला स्टेशन म्हणतात. काकांनी समुद्राचीही स्टेशनं पाडली. "तू त्या खडकापासून त्या होडीपर्यंत. दुसऱ्याच्या स्टेशनात डोकवायचं न्हाई." आता होडी हलायची, तिच्याबरोबर माझं स्टेशनही हलायचं. हे सांगितलं तर म्हणाले, "मग तूबी हल की."

शेजारी बोटवाले हाका मारायचे, हमखास दाखवतो म्हणायचे. काका ढिम्म. "पाठलाग करून बघितलेला डॉल्फिन म्हंजे रीवर्कचा, दुरुस्त करून पास केलेला माल. आपणहून समोर यील तो ओके." खरं कारण वेगळंच होतं. काकूंना बोटीची भीती वाटायची, आणि हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. लातूरकडच्या काकू लग्न करून काळेवाडीत आल्या, त्या घर आणि गल्ली सोडून फारशा कुठे गेल्याच नाहीत. एकदा टीव्हीवर डॉल्फिन बघून म्हणाल्या, "असं खरंच असतंय का ओ?" झालं, काकांनी ध्यासच घेतला. "हिला एक डाव खरा डॉल्फिन दाखवायचा."

चहाची सुट्टीही कंपनीसारखीच. शिट्टी वाजली की सगळी लाइन बंद, सगळे समुद्राकडे पाठ करून थर्मासपाशी. आळीपाळीने पिऊ या, असं मी सुचवून पाहिलं. "अर्धी लाइन चालू ठिवत नसतेत," म्हणाले. काकूंना तेवढं स्टेशन नव्हतं, त्या चटईवर बसून असायच्या. पहिल्याच वर्षी चहाच्या वेळी मी त्यांना एकट्याच हसताना पाहिलं. जवळ गेलो तर हळूच म्हणाल्या, "आला होता. ह्यांच्याच स्टेशनात दोन उड्या मारून गेला, हे चहा ओतायले होते. पण सांगू नका बरं का. कळालं की पुढच्या वर्षी कशाला नेतेत मला?"

मग काय, दरवर्षी मी ते गुपित पोटात ठेवून वाळूत पाय आंबवत उभा. काका निवृत्त झाले तरी फोन यायचाच, "गुरुवार मोकळा ठिव." बायको चिडायची, मीही चिडायचो, आणि जायचो. डॉल्फिन काही आमच्या शिफ्टला पुन्हा हजर झाला नाही. काकू मात्र नवी साडी नेसून, डबा भरून, सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेल्या असायच्या.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. अचानकच. भेटायला गेलो तेव्हा काका खिडकीशी बसले होते. मला बघून म्हणाले, "सगळं झालं रे. एक डॉल्फिन तेवढा दाखवायचा राहिला हिला." मला राहवेना. काकूंनी ज्या कारणासाठी गप्प बसायला सांगितलं होतं, ते कारणच आता उरलं नव्हतं.

"काका, त्यांनी पाहिला होता. पहिल्याच वर्षी. सांगितलं तर तुम्ही पुन्हा न्यायचा नाहीत, म्हणून बोलल्या नाहीत."

काकांनी डोळे पुसले आणि विचारलं, "कुणाच्या स्टेशनला आला होता?"

आता या माणसाला काय म्हणावं!

"तुमच्याच," मी म्हणालो. "तुम्ही चहा ओतत होतात."

काका रडता रडता हसायला लागले. हसून झाल्यावर उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, "येत्या गुरुवारी निघू. चहा तू ओत."

मी गाडी सांगून ठेवली आहे.