निळी पिंपं आणि मी

दौंडहून आम्ही समुद्र बघायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला पोलीस चौकीत बसवलं.

बंदराचं नाव सांगत नाही, कारण सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिथं परत जायचंय. मी तेव्हा पाटसकडच्या एका साखर कारखान्यात गेटवर क्लार्क होतो. उसाची गाडी आत आली की नंबर, वेळ आणि ड्रायव्हरचं नाव लिहायचं, एवढंच काम. दसरा झाला होता, गळीत हंगामाला अजून पंधरा दिवस होते, आणि माझ्या आईनं उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. शिरूरच्या मेहुण्याच्या साहेबांचा बंदरावर एक फ्लॅट होता, वर्षातले अकरा महिने बंद असायचा. मेहुण्यानं किल्ली आणून दिली आणि जाताना सहज म्हणाला, "दाजी, जरा लक्ष ठेवून ऱ्हावा. बंदर म्हंजी काय, तुम्हाला सांगायला नको."

मला खरंच सांगायला नको होतं. किनाऱ्यावर चोरून उतरवलेल्या मालाच्या बातम्या मी पेपरात तोंडपाठ होईपर्यंत वाचल्या होत्या. एसटीत घाट उतरेपर्यंत सुनंदा आणि आमची लेक पिंकी यांना तीनदा उलट्या झाल्या, आई बाजरीच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी मात्र 'लक्ष कशावर ठेवायचं' याचाच विचार करत होतो.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून खाली सगळी जेटी दिसायची. समोरच्या दारात जनार्दन तांडेल राहायचे. त्यांची स्वतःची मासेमारीची बोट होती. पंचावन्नचं वय, आवाज मऊ. (माझ्या अनुभवानं मऊ आवाजाच्या माणसाच्या ट्रकमध्येच वजनाची गडबड निघते.) आम्ही कुलूप उघडतोय तोवर त्यांनी विचारलं, "किती दिवस मुक्काम?" पाच दिवस म्हणून सांगितलं. दुपारी जिन्यात भेटले, परत तेच विचारलं. संध्याकाळी तिसऱ्यांदा. आम्ही कधी जातोय याची या माणसाला एवढी घाई का, हे मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, चौकशी करतात बिचारे. ती भोळी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून बघतो तर तांडेलांची माणसं बोटीवर निळी पिंपं चढवतायत. सहा पिंपं. मागोमाग झाकलेली खोकी. थोड्या वेळानं चार जणांनी काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड धूड आणलं, आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. मी पिंकीच्या शाळेची वही घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर नोंदी सुरू केल्या. लांबच्या बोटींचे नंबर दिसेनात, म्हणून तिची लाल प्लॅस्टिकची दुर्बीणही घेतली. ती शिरूरच्या बाजारातली होती. तिच्यातून सगळं लांबच दिसायचं, पण हातात असली की जोर यायचा.

दुपारी तांडेलांनी ताटभर सुरमई पाठवली. मी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं, ही लाच आहे, परत कर. तिनं लाच तव्यावर टाकली. आई आणि पिंकी बोटं चाटत जेवल्या. कधी मासा न खाणारी माझी आई दुसरा तुकडा मागत होती, आणि मी त्यांच्या शेजारी बसून भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खात होतो. घरातलं एक तरी माणूस विकलं जाता कामा नये, अशी माझी भूमिका होती. वास मात्र फार चांगला सुटला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जेटीवरच्या टपरीत वही घेऊन बसलो. मी गेलो की तिथली माणसं बोलायची थांबायची, त्याचीही नोंद करत होतो. तेवढ्यात एक हवालदार शेजारी येऊन बसले आणि काय लिहिताय म्हणाले. मला हायसंच वाटलं. मी हळूच म्हणालो, "बरं झालं साहेब तुम्हीच भेटलात. मी तुमच्याकडंच येणार होतो."

"मग चला की," ते म्हणाले.

मी सगळ्या जेटीवरून त्यांच्याबरोबर मान वर करून चालत गेलो. चौकीत बाकावर बसवलं. अर्धा तास मी मनातल्या मनात पोलीस खात्याच्या सत्काराला काय बोलायचं ते जुळवत होतो. मग हवालदारांनी माझं नाव, वडिलांचं नाव, गाव विचारलं आणि दुर्बीण टेबलावर ठेवायला सांगितली. तेव्हा कुठं मला कळलं. माझ्याविरुद्ध अर्ज आला होता. परका माणूस बोटींवर पाळत ठेवतोय म्हणून सगळ्या बंदरानं दोन दिवस माझ्यावर पाळत ठेवली होती.

हवालदारांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचली. "सात दहा. निळी पिंपं सहा. माणसं चार. एक जण माझ्याकडं बघून हसला, कंसात, मुद्दाम." बाजूचा शिपाई तोंड फिरवून उभा राहिला. मी कारखान्याचा क्लार्क आहे असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी कारखान्यात फोन लावला. उचलला तो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या किसननं. पोलीस चौकी म्हटल्यावर तो म्हणाला, असा कुणी माणूस आपल्या ऐकण्यात नाही, आणि आपण स्वतःही कालच लागलोय. (किसन माझ्या आधी चार वर्षं लागलेला. परत गेल्यावर मला म्हणाला, तुम्हालाच वाचवलं.)

आता आपण काही सुटत नाही, असं मला वाटलं. आईला समुद्र दाखवायला आणलं आणि दाखवतोय काय, तर हे. तेवढ्यात दारात आई उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा उजळलेला. मागं सुनंदा, पिंकी आणि तांडेल. मी चौकीत बसलो होतो तेवढ्या वेळात तांडेल त्या तिघींना बोटीतून समुद्रात फिरवून आणत होते! भरती कुठल्या दिवशी सोयीची पडेल ते बघायचं म्हणून तर ते मुक्काम विचारत होते. पिंपांत डिझेल होतं, खोक्यांत बर्फ. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बोटीचं नवं इंजिन होतं, दिवाळीला पूजा करून बसवायचं म्हणून झाकून ठेवलेलं.

हवालदारांनी आईला विचारलं, हा तुमचा मुलगा का. आईनं आधी वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय, माझाच हाय. ल्हानपणी ह्याला मेंढरं मोजायला बसवला हुता, साहेब. मेंढरं कवाच गेली, मोजायची खोड तेवढी ऱ्हायली. सोडा त्याला. कालधरनं चटणीवर हाय त्यो."

तांडेल हसू दाबत म्हणाले, आमची काही तक्रार नाही. हवालदारांनी तो अर्ज काढला आणि प्रकरण मिटलं म्हणून त्याच्याखाली माझी सही मागितली. न वाचता सही करायची मला सवय नाही, म्हणून मी वाचला. मी किती वाजता उठतो, टॉवेल गुंडाळून गॅलरीत किती वेळ उभा राहतो, दुर्बीण कितीदा उलटी धरली, सगळं त्यात होतं, आणि खरं सांगतो, गेटवरच्या वीस वर्षांत मला इतकं स्वच्छ लिहिता आलं नाही. चूक एकच होती. 'अंदाजे साठ वर्षांचा, पोट सुटलेला इसम' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, साहेब, मी चव्वेचाळीसचा आहे, एवढं तेवढं दुरुस्त करून घ्या.

हवालदारांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, अर्ज परत माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "राहू द्या. ओळख पटायला तेच बरं पडतं."