नवमीची साडी घेऊन मोटारसायकलवर

जुना जालना सोडला तेव्हा दुकानांची शटरं अर्धीच वर गेल्ती. आभाळ खाली आलेलं. पाऊस न्हवता, पण अंगाला ओल लागत होती. मोटारसायकल गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली अन् तिथं किक मारली, कारण आमच्या गल्लीत सकाळी सकाळी किक मारली की शेजारीण भांडायला येती. तिची चूक न्हाई. गाडीचा आवाजच तसा झालाय.

मागच्या सीटवर, जिथं माझी बायको गयाबाई बसायची, तिथं एक पिशवी दोरीनं बांधली होती. पिशवीत शेंदरी रंगाची नवी साडी, खण, नारळ. गयाबाई उन्हाळ्यात गेली. आज अविधवा नवमी (पितृपक्षातली नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात, साडी देतात). तिची ही पहिलीच. माझ्या घरी आता स्वयंपाक करायला बाई न्हाई. लेक पुण्याला, तिची सासू अंथरुणावर. मेहुण्याची बायको कमल फोनवर म्हणली, "दाजी, इकडं या. तिच्या माहेरातच करू. मी बसते सवाष्ण. पण साडी तुमच्याच हातची पाहिजे, अन् दुपारच्या आत. तोवर मी पाणी पण पिणार न्हाई."

साडी कोरी लागती. तिची घडीसुद्धा मोडलेली चालत न्हाई. घडी मोडायची ती सवाष्णीनंच.

लेक म्हणली होती, एसटीनं जा. एसटीनं गेलो असतो तर लिहायला काही न्हवतं. अन् गयाबाईला मी माहेरी कायम मोटारसायकलवरच नेलं. मंग तिची साडी एसटीच्या जाळीत कशी टाकू?

राजूरच्या रस्त्याला लागलो तसं दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं दिसलं. कपाशी कमरेला लागली होती. रस्ता आता रुंद झालाय, गुळगुळीत आहे, हे खरं. पण लग्नानंतर गयाबाईला पहिल्यांदा गाडीवर बसवून आणलं तेव्हा हाच रस्ता एका गाडीपुरता होता. कडेला बाभळी. मी तेव्हा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात नवाच लागलो होतो. मोटारसायकल कुणाकडं न्हवती. आम्ही आलो की शेतातली माणसं विळा खाली ठेवून बघायची. बाया ओरडायच्या, "कुणाची गं तू?" अन् ही चालत्या गाडीवरून बापाचं नाव सांगायची. समोरून ट्रक आला तर ट्रकवाला आधीच थांबून हात करायचा. जो तो बघायचा.

आता काचा वर असतात. काचेच्या आत माणूस असतो, पण तो तुमच्याकडं बघत न्हाई, मांडीवरच्या फोनकडं बघतो.

गयाबाई एका बाजूला पाय सोडून बसायची अन् मान मागं वळवून ठेवायची. आरसा माझ्या गाडीला होता, पण मी तो कधी बराबर केला न्हाई. गरजच न्हवती. ती सांगायची, "टेम्पो आला." "आता घ्या." "थांबा हो, मुडदा बसविला, कसा आला बघा." साड्या तिला भडकच लागायच्या. मी म्हणायचो, बँडवाल्यासारखी दिसती. ती म्हणायची, "दिसते ना? मंग झालं."

राजूरला गणपतीच्या टेकडीखाली हॉटेलात चहा घेतला. भजी गरम होती. माझा उपास न्हवता, उपास कमलचा, म्हणून खाल्ली. हॉटेलवाला पिशवीकडं बघून म्हणला, "बाबा, पोरगी बघायला चालले का?"

"सासुरवाडीला."

"या वयात?"

"सासुरवाडीला वय असतं का रे?"

हसला. पैसे घेताना म्हणला, "जपून जा. टेंभुर्णीकडं जीपवाले फार माजलेत."

बराबर बोलला. राजूर सोडून थोडंच गेलो असंन. समोरून ट्रॅक्टर येत होता. त्याच्या मागून काळी-पिवळी (शेअर जीप) बाहेर निघाली अन् सरळ माझ्या अंगावर आली. हॉर्न न्हाई, ब्रेक न्हाई. मी हँडल डावीकडं दाबलं. साइडपट्टी खचलेली, खाली काळी माती. गाडी हळूच आडवी झाली अन् मी तिच्याबरोबर.

जीप पुढं जाऊन थांबली. थांबली म्हणजे आतल्या लोकांनी थांबवली. ड्रायव्हर पोरगा पळत आला. "काका, लागलं का? आईशप्पथ, दिसलेच न्हाई."

"एवढा मोठा माणूस, एवढी मोठी गाडी, दिसलो न्हाई? डोळे घरी ठेवून आलास का?"

"तुमचा लाइट पण चालू न्हाई ना काका."

"दिवसा कशाला लाइट?"

जीपच्या खिडकीतून एका म्हातारीनं डोकं काढलं. "त्याला काय विचारता? फोन होता कानाला. बायकोशी बोलून राह्यला होता, भाजी कोणती आणू म्हणून."

"आजी, तुम्ही गप बसा ना."

"का गप बसू? माझा पण जीव आहे ना आत!" मंग म्हातारी माझ्याकडं वळली. "अन् बाबा, तुम्ही पण काय घातलंय? आभाळ तसलं, रस्ता तसला, सदरा तसला. ढगात ढग. मला पण तुम्ही पडल्यावर दिसले."

लोक हसले. मला राग आला होता, पण म्हातारी खोटं बोलत न्हवती. राखाडी सदरा, डोक्यावर करड्या रंगाचं जुनं हेल्मेट. लाइटचा बल्ब तर कधीचा गेल्ता. रात्री मी गाडी चालवत न्हाई म्हणून बसवला न्हवता.

पोरानं गाडी उचलायला हात लावला. गुडघा खरचटला होता, बाकी काही न्हाई. त्याला म्हणलं, "भाजी कोणतीही ने. पण घरी जा म्हणजे झालं." तो खाली बघत गेला.

पिशवी बघितली. नारळ शाबूत. साडीवर प्लॅस्टिक होतं, पण एका कोपऱ्यात फाटून काठाला चिखल लागला होता. घडी मात्र तशीच.

पुढं निघालो तर भुरभुर सुरू झाली. समोरचं सगळं एकाच रंगाचं झालं. मागून एक टेम्पो इतका जवळून गेला की त्याच्या हवेनं मी हाललो. त्यानंही बघितलं न्हाई. टेंभुर्णीच्या अलीकडं एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी लावली. मागून सांगणारं कुणी न्हाई, अन् मागच्यालाही मी दिसत न्हाई. थांबावं तर पाऊस कधी उघडंल भरवसा न्हाई. तिकडं कमल पाण्यावाचून बसलेली. मी पोचलोच न्हाई तर गयाबाईच्या नावानं पान वाढायचं कुणी?

माझ्याजवळ भडक अशी एकच वस्तू होती.

बराच वेळ साडी हातात धरून उभा राह्यलो. दुकानदारानं इतकी बराबर घडी घातलेली. मंग मनात म्हणलं, गयाबाई भांडली तर भांडू दे, तिच्या भांडणाची मला सवय आहे. अन् घडी मोडली.

साडी अंगाला गुंडाळणं सोपं न्हाई. चाकात एक टोक गेलं तर माणूस तिथंच खलास, हे गयाबाईनं किती बायांना सांगितलं असंल. छातीवरून, पाठीवरून घट्ट वेढे घेतले, पदर आत खोचला, वरून पिशवीची दोरी बांधली, पिशवी हँडलला अडकवली. अन् निघालो, शेंदरी बोचकं.

टेंभुर्णीच्या बाजारात लोक थांबून बघायला लागले. एक जण ओरडला, "ओ नाना, वरात कुठंय?" मी म्हणलं, "पुढं गेली." पण टेंभुर्णी ते जाफराबाद एकही गाडी अंगावर आली न्हाई. एका जीपवाल्यानं तर दुरूनच वेग कमी केला अन् तोंड उघडं टाकून बघत राह्यला. बघ बाबा. हसून बघ, पण बघ.

जाफराबादच्या पुढं सासुरवाडी. मेहुणा रंगनाथ दारातच उभा होता. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला. सगळं सांगितलं, अंगावरची साडी सोडून त्याच्या हातात दिली. तो म्हणला, "दाजी, अशी कशी द्यायची? मोडलेली, त्यात चिखल. जाफराबादहून दुसरी आणतो जल्दी."

कमल आतून आली. भुकेनं तोंड उतरलं होतं तिचं. साडी हातात घेतली, काठ बघितला, माझा गुडघा बघितला. नवऱ्याला म्हणली, "नेसायची कुणाला? तुम्हाला का मला?"

"अगं पण रीत..."

"रीत मला ठाऊक आहे. तुम्ही पाट मांडा."

ती आत गेली. बाहेर आली ती साडी नेसूनच. काठ धुतला होता, तेवढा भाग ओला होता. पाटावर बसली. मी तिला कुंकवाचा करंडा दिला, तिच्या सुनेनं ओटी भरली. सुनेच्या हातची पुरणपोळी, कढी, वडे, आळूची वडी, खीर. कमलनं पहिला घास घेतला. नंतर मीही जेवलो. कढी बरी होती. गयाबाई लसूण जास्त घालायची.

निघताना ढग उघडले होते. कमल चप्पल घालून गाडीजवळ आली. "जाफराबादपर्यंत मी येते. मला गोळ्या आणायच्यात, येताना जीपनं येईन."

तिनं पदर खोचला अन् मागं बसली. किती महिन्यांनी गाडीचा मागचा शॉकअप दबला. कमल मागं बघत न्हाई, ती बोलती. सुनेबद्दल, बीपीबद्दल, कुणाच्या तरी म्हशीबद्दल. मला काही ऐकू येत न्हवतं. मी नुसतं वजन ऐकत होतो.

जाफराबादला ती उतरली, पण औषधाच्या दुकानात गेली न्हाई. "आधी लाइट बसवा."

"दिवसा..."

"दाजी, वाद न्हाई."

मिस्त्रीनं बल्ब बसवला. कमल रस्ता ओलांडून पार लांब, एसटी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून वळून, कपाळावर हात धरून बघितलं. शेंदरी साडीतली बाई, मधी जीपा, हातगाड्या, शाळेची पोरं. मी लाइट लावला. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "दिसता!"

हात केला अन् गेली. गाडी पुन्हा हलकी झाली.

परतीला ऊन पडलं होतं. त्या उन्हात मी लाइट लावून चाललो. टेंभुर्णीच्या आधीच समोरच्या मोटारसायकलवाल्यानं पंजा उघडझाप करून दाखवला: लाइट चालू आहे, बंद करा. मंग एका ट्रॅक्टरवाल्यानं. मंग एसटीच्या ड्रायव्हरनं, दुधाच्या कॅनवाल्यानं, राजूरच्या चढावर शेळ्या घेऊन चाललेल्या बाईनंसुद्धा. जालना येईपर्यंत सगळा रस्ता मला पंजा दाखवत होता. बाभळी होत्या तेव्हा लोक जसं बघायचे, तसं.

पहिल्या एक-दोघांना मी मान हलवून सांगायला गेलो की मुद्दाम लावलाय. नंतर सोडून दिलं. जो पंजा दाखवील त्याला हात करत आलो.